मुकल्ल्याची तयारी

मोगऱ्याची ओली फुलं छातीवर कसून बांधली की दूध आटतं, हे चतुराला मिशनच्या दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. तिथं ती सुईणीचं सगळं काम शिकली होती, आडवं मूल फिरवण्यापासून कात्री उकळून घेण्यापर्यंत. फुलांचं तिला अकबरबीनं सांगितलं. जालन्याच्या मस्तगडात दोघींच्या अंगणांमध्ये एकच कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून रोज सकाळी फुलांचा पुडा अलीकडे यायचा.

"कसून बांध. ढिली बांधशील तर दूध काय आटायचं न्हाई, नुसता नवरीवानी वास येत राहील."

"खाला, रांडमुंड बाईला नवरी म्हणता व्हय?"

"मंग काय म्हणू? एऱ्हवी तर तुझ्या अंगाला दवाखान्याच्या फिनेलचा वास. हा तर बरा."

चतुरा हसायची आणि हसताना छातीत कळ यायची. दुपारी दवाखान्यातून आली की ती दार लोटून फडकं सोडायची. फुलं पिवळी, लगदा झालेली असायची. ती टाकून देण्याआधी एकदा नाकाशी न्यायची सवय तिला लागली होती. दूध आणि मोगरा मिळून तो एक आंबूस-गोड वास. तिच्या लेकीच्या, गोदूच्या मानेखाली, जिथे वळी पडायची आणि पुसायचं राहून जायचं, तिथे अगदी असाच वास असायचा.

गोदू वाटूरला होती, चतुराच्या थोरल्या जावेपाशी. नुकती धरून धरून चालायला लागली होती.

हे सगळं सुरू झालं ते मेहरुन्निसामुळे. ती अकबरबीची एकुलती एक मुलगी. अकबरबीचा नवरा अरब होता, समुद्रापलीकडच्या हजरमौत मुलखातून निजामाच्या चाकरीला आलेला. जालन्याच्या खजिन्यावर पहारा करता करता म्हातारा झाला आणि इथल्याच मातीत गेला. अशा घरांना इकडे चाऊस म्हणतात. त्यांची बोली इथली, जेवण इथलं, पण लेकीबाळी द्यायची वेळ आली की मन तिकडे ओढ घेतं. म्हाताऱ्यानं मरण्याआधी मेहरुन्निसा आपल्या पुतण्याला दिली आणि ती तिकडे गेली.

चतुरा तेव्हा मस्तगडात नवीन लग्न होऊन आलेली. तिचा नवरा पुंजाराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि दिवसभर घरात कुणी नसायचं. भिंतीच्या पलीकडे तिच्याच वयाची पोरगी. दोघी भिंतीवर बसून चिंचेचे कोवळे आकडे मीठ लावून खायच्या. मेहरुन्निसाला पोचवायला चतुरा टेसनावर गेली होती. गाडीत बसल्यावर मेहरुन्निसानं बुरख्यातून हात बाहेर काढून तिचं मनगट धरलं.

"माझ्या जचकीला, बाळंतपणाला तू यायचं. तिथं माझी कुणाशी वळख न्हाई."

"येते की. बैलगाडी जाते का तिथवर?"

दोघी इतक्या हसल्या की अकबरबीनं दोघींना दटावलं.

पुढे पुंजाराम पटकीनं गेला. गोदू पोटात होती. ती अकबरबीच्या खोलीत, अकबरबीच्या हातावर जन्मली, पायाळू. त्यानंतरच चतुरा दवाखान्यात काम शिकायला लागली. आणि मग लढाई वाढली, आगबोटी जवळजवळ बंद पडल्या, इकडच्या चाऊस लोकांनी तिकडे धाडलेलं काही तिकडे पोचेना. तिथे पाऊसही नव्हता. मुंबईच्या बंदरावरून येणारी माणसं सांगायची, तिकडे लोक खजुराच्या बिया दळून खाऊन राह्यले. मेहरुन्निसाची शेवटची खबर अशीच कुणाच्या तोंडून आली: तिला दिवस गेलेत.

जालन्याच्या महेमूद चाऊसांचं खोगीर-लगामाचं दुकान होतं. त्यांनी गावोगाव फिरून ज्वारी गोळा केली, कापड, औषधं जमवली. हैदराबादेहून एक डॉक्टर निघायला तयार झाले. मुंबईहून आगबोट, मुकल्ला बंदराला उतरायचं, पुढे उंटावरून आत. अन्नछत्र आणि दवाखाना चालवायचा, पगार-बिगार काही नाही. एकच अडचण होती. तिकडच्या बाया मरतील पण गड्याला नाडी दाखवणार नाहीत. बाईमाणूस पाहिजे होतं, बाळंतपण जाणणारं.

महेमूद चाऊस दवाखान्यात येऊन विचारून गेले. सगळ्या बाया खाली बघत राहिल्या. चतुरानं हातातलं भांडं ठेवलं आणि म्हणाली, "मी येते."

मग काय. दवाखान्याच्या मागच्या नळावर तिची रोज हजेरी घेतली जाऊ लागली.

"हजरमौत म्हणत्यात नं त्याला? मुलखाच्या नावातच मौत हाय गं बाई. मरायलाच जायचं तर घनसावंगीला गोदागंगा हाय की, जवळ पडंल."

"उंटावर बसता येतं का तुला? सायकलच्या घंटीला भितीस."

"अन् पोरगी?"

या शेवटच्या प्रश्नाला मात्र कुणी हसत नसे.

पोरगी. चतुरानं तो प्रश्न मनात बाजूला सारून ठेवला होता, चूल पेटेपर्यंत ओलं लाकूड बाजूला सारतात तसा. गोदूला नेता येणार नव्हतं. अकबरबी म्हणाली, माझ्याजवळ ठेव. पण अकबरबीचे डोळे गेले होते बरेचसे, आणि गोदू आता आडाच्या दिशेनं रांगायची. राहिलं वाटूर. तिथे पुंजारामचा थोरला भाऊ कारभारी आणि त्याची बायको झुंबरबाई. शेत होतं, म्हैस होती. मूल नव्हतं.

झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं. सुपातली डाळ पाखडणं तिनं थांबवलं नाही.

"ठेवते मी. पर अशी न्हाई ठेवायची."

"कशी मंग, जाऊबाई?"

"तू चालली समिंदरापल्याड. खाली लढाई, वर इमानं. उद्या तुझं बरंवाईट झालं तर लोक म्हणतील, जावेची पोर राबवायला ठेवली. ती आजारी पडली तर म्हणतील, परक्याची म्हणून बघितलं न्हाई. चार बायांदेखत माझ्या ओटीत घाल. मंग तिला रागवायचा, मारायचा, जीव लावायचा मला हक राहील. बघ, पटतंय का."

कारभारी ओसरीवर बसून दोरी वळत होता. चतुरानं त्याच्याकडे पाहिलं, मग गोदूकडे. गोदू सुपातली डाळ मुठीनं उचलून परत सुपातच टाकत होती आणि प्रत्येक वेळी आपण काहीतरी मोठं केल्यासारखं सगळ्यांकडे पाहत होती.

चतुराला आगबोट दिसली. तिनं कधी आगबोट पाहिली नव्हती, तरी बुडताना दिसली. आपण परत आलो नाही तर या पोरीला कुणाच्या तरी दारात ताठ मानेनं उभं राहता आलं पाहिजे, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

शुक्रवारी बाया जमल्या. झुंबरबाई पाटावर बसली, पदर पसरला. खण, नारळ, तांदूळ गावातल्या एका सवाष्णीनं घातले, कारण विधवेच्या हातचे चालत नाहीत. मूल मात्र विधवेच्याच हातचं चाललं. चतुरानं गोदूला उचललं आणि त्या नारळाशेजारी ठेवलं.

"म्हण," कुणीतरी म्हातारी म्हणाली.

"आता ही तुमची," चतुरा म्हणाली.

गोदूला नारळ आवडला. ती त्याच्या शेंडीशी खेळत राहिली.

निघताना झुंबरबाईनं तिला दारात थांबवलं. "जाईस्तवर आता येऊ नको. तू आलीस की ती पुन्हा पयल्यापासून रडंल. दूध तोडायचं तर आईनं तोंड दाखवायचं नसतं, तुला म्या काय सांगावं, तू तर सुईण." आणि ते बराबर होतं. दवाखान्यात चतुरानं स्वतः किती बायांना हेच सांगितलं होतं. मागे वळून पाहू नका, पोर विसरतं.

मग तयारी सुरू झाली. दवाखान्यातून सुट्टी झाली की चतुरा भिंत ओलांडून पलीकडे जायची आणि अकबरबी तिला नवऱ्याकडून शिकलेली अरबी शिकवायची. मोठी वाक्यं नाहीत, बाईनं बाईला खाटेशी बसून म्हणायचे शब्द. *तआली*, ये गं. *ला तखाफी*, भिऊ नको. आणि सगळ्यांत आधी *इश्रबी*, पी.

"इश्रबी," चतुरा म्हणायची.

"आसं न्हाई. तू तर हुकूम सोडून राह्यली, फौजदारावानी. मऊ बोल. तुझ्या पोरीला बोलत होतीस ना, तसं."

अकबरबी स्वतः बिमार बाई होऊन खाटेवर पडायची, डोळे मिटून, दात घट्ट आवळून. चतुरानं चमचा घेऊन तिच्याशेजारी बसायचं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, उपाशी माणसाला पोटभर देऊ नका, पोटभर दिलं की मरतं. पातळ पेज, घोट घोट. मधे थांबायचं. भांडं त्याच्या डोळ्यांसमोरून हलवायचं नाही. अजून आहे, हे त्याला दिसत राहिलं पाहिजे.

"इश्रबी, खाला."

"खाला न्हाई म्हणायचं! मी तुझी खाला कुठली, मी तिकडची. माझं नाव घे."

"काय नाव तुमचं?"

अकबरबीनं डोळे मिटलेलेच ठेवले. "मेहरून," ती म्हणाली.

"इश्रबी, मेहरून. ला तखाफी."

अकबरबीनं तोंड उघडलं. चतुरानं पेजेचा चमचा आत सोडला. अकबरबीनं तो गिळला, आणखी एक गिळला, आणि मग तिच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे गेलं. चतुरा थांबली नाही. वाटी संपेपर्यंत ती चमच्यानं भरवत राहिली. त्यानंतर अकबरबी पुन्हा कधी खाटेवर पडली नाही. बसूनच शिकवू लागली.

दिवस जात होते. टोचून घ्यायचं होतं ते घेतलं, हात सुजला, उतरला. जाड कापडाची पिशवी शिवली. तिच्यात दोन कात्र्या, दोऱ्याची रिळं, उकळून वाळवलेल्या फडक्यांच्या घड्या. अकबरबीनं आपला काळा बुरखा आखूड करून दिला. एका दुपारी चतुरानं फडकं सोडलं तर फुलं तशीच होती, कोरडी, पांढरी, नुसती सुकलेली. तिनं छाती दाबून पाहिली. काही आलं नाही. फुलांना नुसता मोगऱ्याचा वास होता.

तिनं भिंतीवरून सांगितलं, "खाला, उद्यापासून फुलं नकोत."

अकबरबी पलीकडून म्हणाली, "अच्छा."

महेमूद चाऊस आले तेव्हा चतुरा अंगणात फडकी वाळत घालत होती. ते नेहमी बाहेरच उभे राहायचे, तसेच राहिले. मुंबईहून थेट इकडे आले होते, अंगावर प्रवासाची धूळ होती.

"बाई, कसं बोलू. आगबोटीवर बायांना मनाई हाये. लढाईचं कारन सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी लई अर्ज-इनंत्या केल्या. बिलकुल ऐकत न्हाईत. आम्ही गडीच चाललो."

चतुराच्या हातात ओलं फडकं होतं. तिनं ते पिळलं, पुन्हा पिळलं.

"मंग बाया?"

"तिथं पोचल्यावर बघू कुणी मिळते का."

"मेहरूनकडं कोण जाईल? पडद्याआड जाऊन तिला कोण बघंल?"

महेमूद चाऊसांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे अकबरबी उभी होती. त्यांनी मान खाली घातली. "अल्ला मालिक," ते म्हणाले.

चतुरा आत गेली. शिवलेली पिशवी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "कात्री उकळून घ्यायची म्हणावं. जी कुणी मिळंल तिला सांगा. आणि पेज घोट घोट द्यायची. पोटभर न्हाई."

ते गेल्यावर अकबरबी भिंत धरून चाचपडत दाराशी आली. चतुराला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं चतुराचे दोन्ही दंड धरले, डोळे बारीक करून तिचा चेहरा शोधला.

"जा तू. दुपारची गाडी हाये, जल्दी जा. माझी काय आता येत न्हाई. तुझी तर घेऊन ये."

परतूरला गाडीतून उतरून चतुरा एका कापसाच्या बैलगाडीत बसली. रस्ताभर ती मनाशी एकच धरून होती, की गोदू तिला बघून रडेल. झुंबरबाई म्हणाली होती ना, पुन्हा पहिल्यापासून रडेल. रडू दे. उचलून घेईन. दूध नाही, तरी छातीशी धरीन, वासानं ओळखंल.

वाटूरला पोचली तेव्हा गुरं घराकडे वळत होती. ओसरीवर झुंबरबाई बसली होती आणि तिच्यापुढे हिरव्या झबल्यातलं एक मूल काथवटीवर पळी आपटत होतं. डोकं गुळगुळीत. चतुरानं आधी शेजारच्या कुणाचं पोर समजून नजर पुढे नेली, घरात. मग पाऊल थांबलं.

"जावळ काढलं?"

"आलीस?" झुंबरबाई दचकून उभी राहिली. "काढलं की. देवाला जाऊन आलो. माझ्या भावाच्या मांडीवर बसवून काढलं. लई शाणी, बिलकुल रडली न्हाई."

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. चतुराला भाऊ होता, परभणीकडे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चतुरा पायरीवर बसली.

"जायचं रद्द झालं, जाऊबाई. बायांना न्हाई नेत. मी गोदूला न्यायला आले."

झुंबरबाईनं खाली वाकून पोरीला उचललं. घाई नव्हती त्या उचलण्यात, पण उचललं.

"तुझं जायचं रद्द झालं," ती म्हणाली. "माझ्या ओटीचं काय रद्द झालं?"

"तुम्हालाच म्हणले व्हते, मी चालले म्हणून..."

"चार बायांदेखत काय म्हनलीस? येईस्तवर सांभाळा म्हनलीस? आता ही तुमची म्हनलीस. म्या कानानं ऐकलं, गावानं ऐकलं. ओटीतलं कुणी परत मागतं का गं? तू शिकलेली, तूच सांग."

"जाऊबाई, मी तिची आई हाय."

"तू गेल्यावर आठ दिस ती दाराकडं हात करत व्हती. ह्या दाराकडं. रातच्याला माझ्या ह्या वाळल्या अंगाला तोंड लावून पडायची, काही येत न्हाई म्हणून मलाच मारायची. तवा कोण व्हतं तिला?" झुंबरबाईचा आवाज फाटला. गोदू तिच्या तोंडाकडे बघू लागली आणि तिनं आपला हात झुंबरबाईच्या ओठांवर ठेवला, बोलू नको म्हटल्यासारखा. झुंबरबाईनं तो हात तसाच राहू दिला. "आता हासायला लागली तर न्यायला आली. ने. ती येत असंल तर ने."

चतुरानं हात पुढे केले. "गोदे. ये गं. गोदाबाई, ये."

गोदूनं पाहिलं. नीट पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आधी डोळे, मग हात, मग पुन्हा डोळे. आणि झुंबरबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती रडली नाही. रडली असती तर चतुराला बरं वाटलं असतं.

कारभारी गोठ्यातून येऊन कधीचा उभा होता. तो धाकट्या भावाच्या बायकोकडे सरळ बघत नसे. आताही खांबाकडे बघून बोलला. "दोघीबी गप बसा जरा. माणूस लांबून आलंय. पाणी तरी द्या."

झुंबरबाईनं डोळे पुसले. पोरीला खाली उतरवलं. आत जाऊन लहान फुलपात्र भरून आणलं, अर्धंच, आणि सवयीनं गोदूच्या हातात दिलं. तिला ते हल्ली शिकवलं होतं, आल्यागेल्याला कौतुक दाखवायला.

"दे. पाव्हण्या आल्या. मावशीला पाणी दे."

गोदूनं फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं. जीभ बाहेर काढून, पायाखाली बघत, ती ओसरीवरून चालत निघाली. चतुरा गेली तेव्हा ती भिंत धरून चालायची. आता मोकळी चालत होती. पाणी हिंदकळत होतं, झबल्यावर सांडत होतं. मधे एकदा थांबून तिनं मागे झुंबरबाईकडे पाहिलं, झुंबरबाईनं मान हलवली, मग ती पुढे आली आणि चतुरासमोर उभी राहून फुलपात्र वर केलं.

"पी," ती म्हणाली.

तो शब्द चतुरानं शिकवला नव्हता.

तिनं पोरीच्या ओल्या हातांतून फुलपात्र घेतलं. तळाशी थोडंसंच पाणी उरलं होतं. गोदू तिथेच उभी राहिली, कारण रिकामं भांडं परत न्यायचं असतं, हेही तिला शिकवलेलं. तिच्या गुळगुळीत डोक्यावर गंधाचा एक वाळका ठिपका होता. चतुरानं हात लांबवला असता तर तिला लागला असता, इतकी ती जवळ होती.

चतुरानं भांडं ओठांना लावलं आणि एक लहानसा घोट घेतला. थांबली. भांडं तिनं खाली ठेवलं नाही, पोरीच्या डोळ्यांसमोरच धरून ठेवलं. मग आणखी एक घोट घेतला, पहिल्याहून लहान.